ई-स्कूटरचा वेग कुठे अडतो? कंट्रोलर बदलण्याआधी करायची मोजमापं

"मोठा कंट्रोलर टाकला की गाडी पळेल." पुण्यात ई-स्कूटर दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही गॅरेजात हे वाक्य कानावर पडतं. (कंट्रोलर म्हणजे बॅटरीचा करंट हवा तसा मोटरला सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा.) नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला आलेली माणसं हेच म्हणतात, आणि तपकीर गल्लीत सुटे भाग शोधत हिंडणारी इंजिनिअरिंगची मुलंही. या समजुतीपायी लोकांचे कष्टाचे पैसे जातात, कधी चांगली बॅटरीही जाते, म्हणून हा लेख.

वेगाला अडवणाऱ्या गोष्टी मुख्यतः चार. बॅटरीचा व्होल्टेज आणि मोटरची गुंडाळी मिळून ठरणारी मर्यादा ही पहिली. कंट्रोलरचा मेंदू किती भरभर काम करू शकतो ही दुसरी. किती करंट सोसतो ही तिसरी. आणि चौथी मर्यादा मुद्दाम घातलेली असते, सॉफ्टवेअरमध्ये किंवा एखाद्या वायरीत. कंट्रोलरचा "मोठेपणा" म्हणजे बहुतेक वेळा फक्त जास्त करंट, म्हणजे चारपैकी एकच. तुमची गाडी कुठे अडलीय हे मोजून काढायला मल्टिमीटर, खडू, मोजपट्टी आणि एक मोकळी दुपार पुरते.

मल्टिमीटर हातात घेण्याआधी लक्षणं बघा, अर्धं निदान तिथेच होतं. बॅटरी भरलेली असताना गाडी जोरात आणि उतरत आली की सपाट रस्त्यावरही हळू, असं होत असेल तर अडवणारा व्होल्टेज. बॅटरी भरलेली असो वा अर्धी, सपाटीवर आकडा एकाच जागी थांबत असेल तर ती मुद्दाम घातलेली मर्यादा. सपाटीवर ठीक, चढावर मात्र जीव जातो, तर करंट कमी पडतोय. आणि ठरावीक वेगाला पोचल्यावर मोटर गुरगुरते, धक्के देते, त्याच्या खाली मात्र लोण्यासारखी चालते, तर कंट्रोलरचा मेंदू मागे पडतोय किंवा हॉल सेन्सरची, म्हणजे मोटरमधली चुंबकं कुठे आहेत ते कंट्रोलरला कळवणाऱ्या सेन्सरची, वायरिंग बिघडलीय.

पहिली पायरी: कायद्याची रेघ कुठे आहे ते बघा

हे आधी सांगतोय, कारण ज्यांची गाडी २५ वर अडते त्यांच्यापैकी बहुतेकांच्या गाडीत काहीही बिघडलेलं नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या २ (यू) या नियमानुसार, मोटरची तीस मिनिटं टिकणारी ताकद ०.२५ किलोवॅटच्या आत, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तसं तपासून दिलं असेल, तर ती दुचाकी मोटार वाहन धरली जात नाही. म्हणून तिला नंबर प्लेट लागत नाही, चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्याच कोथरूडच्या टेकडीवर आहे. नवी गाडी घेताना दुकानदाराकडे चाचणी संस्थेच्या मान्यतेची प्रत मागा. ती दाखवायला कुरकुर झाली तर दुसरं दुकान बघा.

अशा गाड्यांच्या कंट्रोलरमधून बऱ्याचदा दोन बारीक वायरी एकमेकींना जोडून बाहेर काढलेल्या असतात. ती स्पीड लिमिटची जोडणी. ती सोडवली की गाडी पंचविसाच्या पुढे जाते, आणि "एवढं करून द्या ना काका" म्हणणारे गिऱ्हाईक भरपूर. करून देऊ नका आणि करून घेऊ नका. ती वायर सुटली त्या क्षणी गाडी मोटार वाहन होते, आणि तीही नोंदणी, विमा आणि लायसन्स यांपैकी काहीच नसलेली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ नुसार परवानगीशिवाय वाहनात बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. क्लासला जाणाऱ्या मुलामुलींसाठी ही गाडी घेतली असेल तर कलम १९९ अ सुद्धा माहीत असू द्या: अल्पवयीन मुलाच्या हातून मोटार वाहनाचा गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा बदल केलेल्या ई-बाइकविरुद्ध कारवाईचे आदेशही काढले होते. दंड बाजूला ठेवला तरी, पंचविसाच्या हिशोबाने बसवलेले ब्रेक आणि चेसिस पंचेचाळीसच्या वेगाला कर्वे रस्त्यावर थांबवायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

पेट्रोलची स्कूटर इलेक्ट्रिक करायची असेल तर चाचणी संस्थेने मान्य केलेलं किट घ्या आणि आरटीओत नोंद करून घ्या. कॉलेजच्या प्रोजेक्टची गाडी बंद मैदानातच चालवा. पुढचं सगळं गणित या मर्यादेत राहून करायचं आहे. नोंदणीच्या गाडीची दुरुस्ती असो की प्रोजेक्ट, मोजण्याची पद्धत तीच.

दुसरी पायरी: चाकाचा परीघ

टायरवर हवा भरा, गाडीवर एकाला बसवा, टायरच्या तळाशी आणि फरशीवर खडूची एकच रेघ मारा आणि गाडी सरळ पुढे ढकला. टायरवरची रेघ पुन्हा फरशीला लागेल तिथे दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे परीघ. माणूस बसवायचाच, कारण वजनाने टायर दबतो.

हिशोबाने काढायचं तर ९०/१००-१० या टायरचा व्यास २५४ अधिक १८० म्हणजे ४३४ मिलिमीटर येतो, परीघ साधारण १.३६ मीटर. आता २५ किलोमीटर ताशी म्हणजे मिनिटाला ४१७ मीटर, भागिले १.३६, म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे ३०६ फेरे. हा ३०६ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

टायर बदलताना इथेच घोळ होतो. त्याच गाडीला रिम बदलून ९०/९०-१२ टायर लावला तर परीघ १.४७ मीटरच्या आसपास जातो, सात-आठ टक्के जास्त. कंट्रोलर फेरे मोजतो, अंतर नाही. म्हणून ३०६ फेऱ्यांवर अडवलेली गाडी आता जवळजवळ २७ च्या वेगाने जाते आणि डिस्प्ले मात्र २५ च दाखवतो. टायरचा आकार बदलला की कंट्रोलरमधला आकडाही बदलायचा.

तिसरी पायरी: चुंबकांच्या जोड्या मोजा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि नंतर सगळं गणित चुकतं. ब्रशलेस मोटरच्या आत उत्तर आणि दक्षिण ध्रुवांची चुंबकं आळीपाळीने बसवलेली असतात. एक उत्तर आणि एक दक्षिण मिळून एक जोडी. मोटर एकदा पूर्ण फिरली की कंट्रोलरला जितक्या जोड्या तितके विद्युत फेरे पूर्ण करावे लागतात. ४६ चुंबकांची हब मोटर, म्हणजे चाकातच बसवलेली मोटर, असेल तर २३ जोड्या, म्हणजे चाकाचा एक फेरा हा कंट्रोलरसाठी २३ फेरे.

मोटर न उघडता मोजता येतं. गाडी मेन स्टँडवर लावा, मागचं चाक अधांतरी हवं. हॉल सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाच बारीक वायरी दिसतील: लाल पाच व्होल्टची, काळी अर्थची, आणि पिवळी, हिरवी, निळी ही तीन सिग्नलची. कनेक्टर जोडलेलाच ठेवून, किल्ली चालू करून, मल्टिमीटरची काळी पिन काळ्या वायरीला आणि लाल पिन पिवळीला मागच्या बाजूने टेकवा. थ्रॉटलला (ॲक्सिलरेटरला) कुणी हात लावणार नाही याची खात्री करा. सगळ्यात बरं म्हणजे तिचं कनेक्टर काढूनच ठेवा. आता चाक हाताने अगदी सावकाश फिरवा. आकडा शून्याच्या जवळ जातो, मग पाचाच्या जवळ, पुन्हा शून्य. खडूची रेघ परत त्याच जागी येईपर्यंत आकडा किती वेळा वर गेला ते मोजा. तितक्या जोड्या.

हिरवी आणि निळी वायरही अशीच तपासा. तिन्हींवर सारखीच संख्या यायला हवी. एखादी वायर सतत शून्यावर किंवा सतत पाचावर अडली असेल तर तो सेन्सर किंवा त्याची वायर गेलीय, आणि तुमची गुरगुर बहुधा तिथूनच येतेय. पावसाळ्यानंतर पुण्यात या कनेक्टरमध्ये हिरवट गंज हमखास सापडतो. कंट्रोलरवर खर्च करण्याआधी कनेक्टर साफ करून किंवा बदलून बघा.

हबमध्ये गिअर असतील तर चाकाचे फेरे आणि मोटरचे फेरे वेगळे असतात. काही हबमध्ये एका दिशेने मोकळा फिरणारा क्लच असतो, मग चाक पुढे फिरवून मोटर हलतच नाही. मागे फिरवून मोजा आणि मिळालेली संख्या गिअरच्या प्रमाणासकट आहे हे ध्यानात ठेवा.

चौथी पायरी: कंट्रोलरच्या मेंदूची मर्यादा

डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, ही मर्यादा इलेक्ट्रिकल आरपीएम किंवा ई-आरपीएम या नावाने लिहिलेली असते. गणित सोपं: मोटरचे फेरे गुणिले चुंबकांच्या जोड्या. केली कंपनीच्या ब्रशलेस कंट्रोलरच्या डेटाशीटमध्ये नेहमीच्या मॉडेलसाठी ४०,००० ई-आरपीएम, जास्त वेगाच्या पर्यायासाठी ७०,००० आणि त्याहून वरच्या पर्यायासाठी १,००,००० असे आकडे येतात. हौशी लोकांत चालणाऱ्या वेस्क कंट्रोलरच्या चौथ्या पिढीच्या हार्डवेअरसाठी ६०,००० च्या आत राहा असं सांगितलं जातं.

आता आपल्या हब मोटरचा आकडा काढू. २५ च्या वेगाला ३०६ फेरे गुणिले २३, म्हणजे साधारण ७,०००. पंचेचाळीसच्या वेगालाही १२,७०० च्या आसपासच. ४०,००० पासून कितीतरी लांब. तुमची मोटर चाकातच असेल तर ई-आरपीएमची काळजी जवळजवळ सोडून द्या, आणि "हाय स्पीड व्हर्जन घ्या" म्हणून कुणी जास्तीचे पैसे मागत असेल तर हा हिशोब त्याच्यासमोर मांडा.

प्रश्न येतो तो मधे बसवलेल्या, चेन किंवा बेल्टने चाक फिरवणाऱ्या मोटरला. पाच जोड्यांची मोटर ८,००० फेऱ्यांना नेली की नेमके ४०,००० भरतात. रेसिंगच्या गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या एमरॅक्ससारख्या चपट्या मोटरला दहा जोड्या असतात. ६,५०० फेऱ्यांना ६५,००० ई-आरपीएम होतात, म्हणजे नेहमीचा कंट्रोलर तिथे चालणारच नाही. कॉलेजच्या संघांनी मोटर आणि कंट्रोलर वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवण्याआधी हा एक गुणाकार करावा. मोटरचा कमाल वेग पूर्ण वापरता येत नाही हे गाडी जुळवून झाल्यावर कळलं, तर स्पर्धेच्या तोंडावर हातात काहीच उरत नाही.

ही मर्यादा येते कुठून? साध्या कंट्रोलरला एका विद्युत फेऱ्यात सहा वेळा कुठल्या दोन तारांना करंट द्यायचा ते बदलावं लागतं. ४०,००० ई-आरपीएम म्हणजे सेकंदाला ६६७ विद्युत फेरे, म्हणजे चार हजार बदल. एका बदलाला २५० मायक्रोसेकंद. तेवढ्यात आतल्या चिपने हॉल सेन्सर वाचायचा, करंट मोजायचा, मर्यादा तपासायची आणि मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, उघडझाप करायचे. मॉस्फेटची उघडझाप सेकंदाला १६,००० वेळा होत असेल तर एका विद्युत फेऱ्याच्या वाट्याला २४ ठोके येतात, आणि तेवढ्यात करंटचा आकार नीट घडवता येतो. उघडझाप १०,००० वेळा आणि वेग ६५,००० ई-आरपीएम असेल तर वाट्याला नऊच ठोके. करंट खडबडीत होतो, मोटर तापते, आवाज करते, आणि चुकीच्या क्षणी चुकीचा मॉस्फेट उघडला तर करंट उसळून कंट्रोलर जळतो. मर्यादा ओलांडली तर थोडं कमी चालेल, अशी ही गोष्ट नाही. चांगले कंट्रोलर स्वतःहून वेग रोखतात, स्वस्त कंट्रोलर रोखतीलच असं नाही. डेटाशीटच्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांवर थांबायचं, असा माझा सल्ला.

जाता जाता, भोसरीच्या वर्कशॉपमधल्यांसाठी. टेबलावर मोटर फिरवून बघायला काहीजण कारखान्यातला व्हीएफडी (एसी मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) वापरतात. बऱ्याच व्हीएफडींची आउटपुट फ्रिक्वेन्सी ५९९ हर्ट्झला अडवलेली असते. ६०० हर्ट्झ आणि त्यापुढचे फ्रिक्वेन्सी चेंजर युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजला लागतात, म्हणून ते आंतरराष्ट्रीय निर्यात नियंत्रणाखाली येतात. त्यात पडायला नको म्हणून कंपन्या ५९९ वर थांबतात. त्याचे ई-आरपीएम होतात ३५,९४०. मोटर त्यापुढे जात नसेल तर दोष मोटरचा नसतो.

पाचवी पायरी: व्होल्टेजची मर्यादा

हब मोटरच्या गाडीत खरा अडसर बहुतेक वेळा इथेच असतो. मोटर फिरायला लागली की ती स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते. ते बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळ पोचलं की करंट आत ढकलायला जोरच उरत नाही. एका व्होल्टला मोटर किती फेरे देते तो आकडा, म्हणजे मोटरचा केव्ही, काढायला हवा.

त्यासाठी तिन्ही जाड फेज वायरी (मोटरला करंट नेणाऱ्या) कंट्रोलरपासून सोडवा, उघडी टोकं एकमेकांना लागू देऊ नका. त्यांतल्या कुठल्याही दोन वायरींना मल्टिमीटर लावा, एसी व्होल्टवर. दुसऱ्या कुणालातरी चाक एकसारखं फिरवायला सांगा. ड्रिलला रबरी चकती लावून टायरवर टेकवली की वेग बऱ्यापैकी स्थिर राहतो. समजा मीटरने १४.१ व्होल्ट दाखवले. लगेच नॉब हर्ट्झवर फिरवा. ७७ हर्ट्झ आले तर ७७ गुणिले ६० भागिले २३, म्हणजे चाक मिनिटाला २०० फेरे फिरतंय. टॅकोमीटर लागलाच नाही. १४.१ ला १.४१ ने गुणलं की शिखराचे २० व्होल्ट. २०० भागिले २० म्हणजे केव्ही दहा.

आता बॅटरी. लिथियम बॅटरीच्या एनएमसी या प्रकारातले १३ सेल एकापुढे एक असतील तर पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्ट. गुणिले दहा, म्हणजे ५४६ फेरे, आपल्या १.३६ मीटरच्या चाकाला ताशी ४४-४५ किलोमीटर. हा अधांतरी चाकाचा आकडा. रस्त्यावर माणूस बसल्यावर त्याच्या ऐंशी-नव्वद टक्के मिळतो. बॅटरी ४२ व्होल्टपर्यंत उतरली की तोच आकडा अधांतरीसुद्धा ३४ होतो. अशा गाडीला दुप्पट करंटचा कंट्रोलर लावला तरी सपाटीवरचा वेग दोन-चार किलोमीटरच्या वर वाढत नाही.

"मग बॅटरीत सेल वाढवू" हा पुढचा विचार मनात आला असेल तर कंट्रोलरचं झाकण उघडा आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरवर काय छापलंय ते वाचा. ४८ व्होल्टच्या कंट्रोलरमध्ये बहुधा "६३ व्होल्ट" दिसेल. १७ सेलची एनएमसी बॅटरी भरल्यावर ७१.४ व्होल्ट देते. म्हणजे किल्ली लावायच्या आधीच, बॅटरी जोडतानाच कपॅसिटर फुटायची वेळ. एलएफपी या दुसऱ्या प्रकारच्या लिथियम बॅटरीचे १६ सेल भरल्यावर ५८.४ व्होल्टपर्यंत जातात. ६३ च्या आत आहेत खरे, पण उतारावर मोटरकडून परत येणाऱ्या व्होल्टेजला जागा फारशी उरत नाही.

सहावी पायरी: करंट आणि चढ

गाडी आणि माणूस मिळून १५० किलो धरा. सपाट रस्त्यावर २५ च्या वेगाला चाकाशी साधारण २७५ वॅट लागतात, म्हणून २५० वॅट आणि २५ किलोमीटर ही जोडी बरीच नैसर्गिक आहे. ४५ च्या वेगाला हीच गरज ९८० वॅटच्या आसपास जाते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. आणि शंभर मीटरला सहा मीटर असा चढ लागला तर २५ च्या वेगालाच ८८० वॅट हवेत. नुसत्या २५० वॅटवर त्या चढावर ताशी आठ किलोमीटर मिळतात. कात्रज किंवा बोपदेव घाटात कमी वेगाची स्कूटर का रांगते, याचं उत्तर या आकड्यांत आहे. रोजचा रस्ता घाटाचा असेल तर नोंदणी होणारी गाडीच घ्या.

जास्त केव्हीची मोटर आणून वेग वाढवण्याचा मोह इथे महागात पडतो. केव्ही दहाची मोटर एका अँपिअरला साधारण ०.९५ न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) देते. केव्ही पंधराची मोटर दोन तृतीयांशच. म्हणजे त्याच चढाला दीडपट करंट, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते म्हणून मॉस्फेट आणि तारांमध्ये सव्वादोन पट उष्णता. सपाटीवर जे कमावलं ते चढावर गमावलं.

डेटाशीट वाचताना बॅटरी करंट आणि फेज करंट यांची गल्लत करू नका. बॅटरीतून २० अँपिअर निघत असताना, चाक हळू फिरत असेल तर फेज वायरींतून ६० अँपिअरही वाहू शकतात. जाहिरातीत मोठा आकडा छापतात तो बहुधा फेज करंटचा, आणि तोही काही सेकंदांपुरता. अखंड किती सोसतो ते विचारा.

सातवी पायरी: फील्ड वीकनिंग आणि उतार

काही कंट्रोलरमध्ये फील्ड वीकनिंग नावाची सोय असते. तिने मोटरचं उलट व्होल्टेज दाबून ठरलेल्या वेगाच्या पुढे नेता येतं. नवख्यांनी ती बंदच ठेवावी असं माझं ठाम मत आहे. आपलीच मोटर ५४६ ऐवजी ७०० फेऱ्यांना नेली असं धरा. कंट्रोलर चालू आहे तोवर ठीक. त्याच क्षणी काही कारणाने तो बंद पडला तर दाबलेलं व्होल्टेज उसळतं, ७० व्होल्ट. ते मॉस्फेटच्या आतल्या डायोडमधून थेट बॅटरीकडे धावतं, चाकाला ब्रेक मारल्यासारखा झटका बसतो, आणि बीएमएसने, म्हणजे बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने, बॅटरी तोडली तर ते सगळं ६३ व्होल्टच्या कपॅसिटरवर येऊन आदळतं.

हेच उतारावर फील्ड वीकनिंगशिवायही घडतं, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. दिवे घाटातून सासवडहून खाली येताना गाडी साठच्या वेगाला सोडली तर चाक ७३० च्या वर फेरे फिरतं आणि बिनगिअरची हब मोटर ७३ व्होल्ट तयार करते. किल्ली बंद असली तरी. त्यात एमसीबी पाडलेला असेल तर व्होल्टेजला बॅटरीकडे जायला वाटच नाही. उतारावर किल्ली किंवा एमसीबी बंद करून गाडी सोडू नका. कंट्रोलरची वेगमर्यादा फक्त मोटरची ओढ थांबवते, गुरुत्वाकर्षणाची थांबवत नाही. तिथे हाताचे ब्रेकच.

रीजनरेटिव्ह ब्रेक, म्हणजे वेग कमी करताना ऊर्जा परत बॅटरीत भरणारा ब्रेक, असेल तर मदत होते, पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना ती ऊर्जा ठेवायला जागा नसते आणि बीएमएस मधेच तोडू शकतो. घर उंचावर असेल आणि सकाळची सुरुवातच उताराने होत असेल, तर चार्जिंग नव्वद टक्क्यांवर थांबवा.

आठवी पायरी: आकडे भरा आणि तपासा

ॲपने किंवा लॅपटॉपने सेटिंग करता येणारा कंट्रोलर असेल तर चुंबकांच्या जोड्या, चाकाचा परीघ, बॅटरीची खालची आणि वरची व्होल्टेज मर्यादा, बॅटरी करंट आणि कमाल फेरे एवढं आधी भरा. बॅटरी करंट बीएमएसच्या अखंड करंटपेक्षा कमीच ठेवा. वेगमर्यादा टक्क्यांत मागत असेल तर सावध राहा: ते टक्के बहुधा व्होल्टेजचे असतात, म्हणजे बॅटरी भरलेली असताना गाडी मर्यादेच्या वर जाईल. फेऱ्यांत मर्यादा घालता येईल असाच कंट्रोलर निवडा.

पहिली चाचणी चाक अधांतरी ठेवून, थ्रॉटल थोडीच उघडून. चाक उलटं फिरलं किंवा थरथरलं तर लगेच सोडा; फेज आणि हॉलचा क्रम जुळलेला नाही. बऱ्याच कंट्रोलरमध्ये यासाठी सेल्फ लर्निंगची वायर असते: काही सेकंद जोडून चाक सरळ फिरू लागलं की सोडवायची. ब्रेक दाबल्यावर मोटरचा करंट बंद होतो का ते याच वेळी बघा. थ्रॉटल सोडल्यावर तिच्या सिग्नलच्या वायरीवर साधारण एक व्होल्टच्या आसपास राहायला हवं. त्याहून बरंच वर राहत असेल तर गाडी स्वतःहून सुटेल, आधी थ्रॉटल बदला.

मग सोसायटीच्या आवारात किंवा रिकाम्या मैदानात, हेल्मेट घालून, सपाटीवर. डिस्प्लेवर विसंबू नका, मोबाइलच्या जीपीएसशी वेग ताडून बघा. त्यानंतर एक छोटा चढ, वर थांबून फेज वायरींचे लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कड्या) आणि कंट्रोलरचं आवरण तपासा. आवरणावर पाच सेकंद हात ठेववत नसेल तर ते साधारण साठ अंशांच्या पुढे गेलंय. करंट कमी करा किंवा हवा लागेल अशा जागी कंट्रोलर हलवा. एकच लग बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर क्रिम्पिंग सैल आहे, ते पुन्हा करा.

सगळं जुळलं की परीघ, चुंबकांच्या जोड्या, केव्ही, कमाल फेरे आणि दोन्ही करंट मर्यादा एका कागदावर लिहा, तारीख घाला, आणि कागद प्लॅस्टिकमध्ये घालून सीटखाली कंट्रोलरच्या शेजारी चिकटवा. टायर, बॅटरी किंवा मोटर बदलली की त्यातली संबंधित ओळ पुन्हा मोजून लिहायची.